शवागारात शिकलेला डॉक्टर

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला विल्यम ऑस्लर पहिल्यांदा भेटतो तो एका गाठीच्या रूपाने. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला की काही रुग्णांच्या बोटांच्या टोकांवर, मांसल भागात, बारीक लालसर दुखऱ्या गाठी येतात. त्यांना 'ऑस्लर्स नोड्स' म्हणतात. १९०९ साली ऑस्लरने त्यांच्याविषयी लिहिले आणि तेव्हापासून तोंडी परीक्षेतला तो हुकमी प्रश्न झाला. गंमत अशी की आज अत्यवस्थ रुग्ण कॅज्युअल्टीत आला की पहिल्याच मिनिटाला नेमकी त्याच बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी बसते. दुसऱ्या हातात सलाईनची सुई जाते, रक्ताच्या पाच-सहा नळ्या भरून लॅबकडे रवाना होतात, आणि बोटाकडे बघायचे राहूनच जाते. चिमटीशी माझे भांडण नाही. तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण त्या चिमटीखाली काय झाकले जाते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मी गेली तीसेक वर्षे मुंबईतल्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत काम करतो आहे. आधी सरकारी, मग खासगी. या काळात दर रुग्णामागे होणाऱ्या तपासण्या कशा वाढत गेल्या ते मी डोळ्यांनी पाहिले. डोके दुखते म्हणून आलेल्या तरुणाचा सीटी स्कॅन, पाय मुरगळलेल्या बाईंचा एक्स-रे, दोन दिवसांच्या तापाला लांबलचक 'फीवर प्रोफाइल'. पुष्कळदा डॉक्टर रुग्णापर्यंत पोचण्याआधीच तपासण्यांचा कागद लॅबमध्ये पोचलेला असतो. त्यावर बोलणे निघाले की आमच्यातले ज्येष्ठ लोक ऑस्लरचे एखादे सुभाषित ऐकवतात आणि विषय संपवतात. त्याच्या नावावर खपणारी सुभाषिते पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींचा तर त्याच्या लेखनात पत्ताच लागत नाही. म्हणून ती सगळी बाजूला ठेवून मी त्याचे आयुष्यच पाहायचे ठरवले. तपासण्यांचा हव्यास नसलेला हा माणूस तसा कशामुळे झाला, हे त्याच्या सुभाषितांपेक्षा त्याच्या दिनक्रमातून जास्त कळते.

ऑस्लरचा जन्म १२ जुलै १८४९ चा. कॅनडातल्या, आजच्या आँटेरिओ प्रांतातले बाँड हेड हे जंगल तोडून वसवलेले खेडे. वडील इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेले पाद्री. नऊ मुलांतला विल्यम आठवा आणि खोड्यांत पहिला. मास्तरांची खोडी काढल्याबद्दल डंडास गावच्या शाळेने त्याला काढूनच टाकले. पुढच्या शाळेत त्याला विल्यम जॉन्सन नावाचे पाद्री-मास्तर भेटले आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले. मास्तरांना सूक्ष्मदर्शकाचा नाद होता. डबक्यातले पाणी, शेवाळ, जे सापडेल ते काचेवर घ्यायचे आणि डोळा लावून बसायचे. १८६७ साली पाद्री होण्यासाठी म्हणून कॉलेजात गेलेला मुलगा वर्षभरातच वैद्यकाकडे वळला. १८७२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची पदवी घेऊन तो युरोपात गेला. लंडनमध्ये त्याने रक्तातल्या ज्या बारीक कणांचा अभ्यास केला त्यांना आज आपण प्लेटलेट्स म्हणतो. डेंग्यूच्या साथीत घरोघरी ज्यांचा आकडा तोंडपाठ असतो त्याच या प्लेटलेट्स.

बर्लिनमध्ये त्याने थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांना शवविच्छेदन करताना पाहिले. आपल्या कहाणीची खरी सुरुवात इथे आहे. १८७४ मध्ये पंचविशीचा ऑस्लर मॅकगिलला शिकवायला परतला. देवीच्या वॉर्डात काम करून मिळालेल्या पगारातून त्याने विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक घेतले, आणि लवकरच माँट्रियल जनरल हॉस्पिटलच्या शवागाराची जबाबदारी त्याच्याकडे आली. १८८४ मध्ये शहर सोडीपर्यंत त्याने तिथे साडेसातशेहून अधिक शवविच्छेदने केली. मधल्या काळात, १८७८ मध्ये, त्याला वॉर्डही मिळाला. म्हणजे सकाळी ज्या खाटेपाशी उभे राहून निदान सांगायचे, तिथला रुग्ण गेला तर त्याच हातांनी त्याचे हृदय, फुप्फुस, आतडे उघडून बघायचे आणि आपण काय म्हणालो होतो, आत निघाले काय, हे लिहून ठेवायचे. चूक लपवायला जागाच नाही.

१८८४ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाने त्याला बोलावले तेव्हा तो युरोपात होता. जावे की न जावे हे त्याने नाणे उडवून ठरवले म्हणतात. फिलाडेल्फियाच्या प्रतिष्ठित डॉक्टरांची रीत अशी की दुपारी बग्गीतून निघायचे आणि श्रीमंतांच्या घरी भेटी द्यायच्या. ऑस्लर मात्र ब्लॉक्ली नावाच्या गोरगरिबांच्या इस्पितळाच्या शवागारात जाऊन बसे. माँट्रियल आणि ब्लॉक्लीचा हिशेब मिळून त्याची शवविच्छेदने हजाराच्या घरात जातात. या ज्ञानाची किंमत कुणी मोजली, हेही इथेच सांगितले पाहिजे. ज्यांच्या प्रेतावर हक्क सांगायला कुणी नव्हते अशा निराधार माणसांच्या देहांवर हे शिक्षण झाले. ऑस्लरच्या चरित्रांत शवागाराचे कौतुक फार असते आणि त्या माणसांबद्दल ओळही नसते, हे मला खटकते.

पण या शवागारानेच त्याला ते दिले जे आज माझ्या विभागातल्या हुशार तरुण डॉक्टरालाही मिळत नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टराला आपण बरोबर होतो की नाही हे सहसा कळतच नाही. रुग्ण वरच्या मजल्यावर दाखल होतो किंवा गोळ्या घेऊन घरी जातो. पुढे त्याचे काय झाले हे सांगायला कुणी खाली येत नाही. येते ते फक्त काही भयंकर घडले तर, आणि तेही बहुधा वकिलाच्या नोटिशीतून. अशा माणसाने रात्री तीन वाजता कोणत्या भरवशावर म्हणायचे की या डोक्याला स्कॅनची गरज नाही? तो स्कॅन मागवतो. मी त्याच्या जागी असतो तर, आणि मी पुष्कळदा असतोच, मला त्याचा मोह समजतो.

ऑस्लर तपासण्यांच्या विरोधात होता असे कुणाला वाटू नये. त्याची एक हकीकत त्यासाठी फार बोलकी आहे. १८८० मध्ये आल्जेरियात लॅव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराला मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात परोपजीवी दिसले. ऑस्लरने प्रथम त्यावर शंका घेतली. मग फिलाडेल्फियात स्वतः रुग्णांमागून रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, लॅव्हेराँचे म्हणणे त्याला पटले आणि ते पटल्याचे त्याने जाहीरपणे मांडले. पुढे बाल्टिमोरला गेल्यावर हे एक थेंब रक्त त्याचे शस्त्र झाले. त्या शहरात मलेरिया आणि टायफॉइड दोन्ही भरपूर, आणि गोंधळलेले डॉक्टर दोहोंची मोट बांधून 'टायफो-मलेरियल फीवर' असे सोयीचे निदान लिहीत आणि क्विनीन देत राहत. ऑस्लरचा हट्ट असे की रक्त बघा. परोपजीवी असतील तर मलेरिया, नसतील आणि क्विनीनने ताप हटत नसेल तर मलेरिया हे नाव सोडा. इथे प्रश्न नेमका होता आणि तपासणी त्या प्रश्नाचे उत्तर देत होती.

याच टायफॉइडसाठी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये फर्नां विडाल यांनी रक्ताची चाचणी काढली. पावसाळ्यात आमच्याकडे जो येतो तो तिचा कागद हातात घेऊनच येतो. ताप दोन दिवसांचा आणि कागदावर 'विडाल पॉझिटिव्ह'. आपल्याकडे टायफॉइड मुरलेला आहे. पूर्वी कधी तो होऊन गेला असेल, लस घेतलेली असेल, तरी ही चाचणी थोडीबहुत उमटू शकते. उलट खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात ती कोरी राहू शकते. एकाच वेळी केलेल्या विडालवर दुसऱ्या दिवशी निदान ठोकणे म्हणजे जुना 'टायफो-मलेरियल' प्रकार झाला. जंतूंची रक्तात वाढ करून बघणारी ब्लड कल्चर ही तपासणी खरी उपयोगाची, पण तिला वेळ लागतो आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घ्यावे लागते. घाईत नेमके तेच राहते.

१८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि ऑस्लर तिथला मुख्य वैद्य झाला. १८९२ हे त्याच्या भरभराटीचे वर्ष: वैद्यकावरचा त्याचा प्रचंड ग्रंथ निघाला आणि ग्रेस रिव्हीअर ग्रॉस यांच्याशी त्याचे लग्न झाले. ग्रंथाचे पहिलेच प्रकरण टायफॉइडचे. पण मला त्या ग्रंथापेक्षा त्याचा बाह्यरुग्ण विभागातला वर्ग जास्त मोलाचा वाटतो. कुणीही न तपासलेला नवा रुग्ण समोर बसवायचा, एका विद्यार्थ्याने त्याची हकीकत विचारायची, कपडे उतरवून नीट पाहायचे, हात लावायचे, आणि मग सर्वांदेखत सांगायचे की मला काय वाटते आणि का वाटते. कॅज्युअल्टीच्या सर्वांत जवळ जाणारे शिक्षण ते हेच. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तो वॉर्डातल्या खाटा वाटून देई. त्या रुग्णाचे रक्त, लघवी, थुंकी विद्यार्थ्याने स्वतः तपासायची, स्वतः पेशी मोजायच्या. पांढऱ्या पेशी मोजायला सूक्ष्मदर्शकावर डोळे फोडावे लागत. त्यामुळे उगीचच्या तपासणीला आपोआप लगाम बसे. आज संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत खूण केली की वीस तपासण्या सुटतात. मागवणाऱ्याला कष्ट शून्य.

वीस तपासण्यांचा हिशेब मी वाचकांसमोर मांडतो, कारण तो नातेवाइकांना सांगितला की त्यांना आश्चर्य वाटते. बहुतेक रक्ततपासण्यांची 'नॉर्मल' मर्यादा अशी ठरवलेली असते की धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसतील. म्हणजे उरलेले ५ टक्के निरोगी असूनही बाहेर पडणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी 'अबनॉर्मल' येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. मग त्या एकीचा छडा लावायला सोनोग्राफी, सोनोग्राफीत दिसलेल्या ठिपक्यासाठी सीटी, सीटीसाठी शिरेतून डाय. किरणोत्सर्ग आणि दाखल होण्याचा खर्च वेगळाच. आपल्याकडे हा खर्च बहुधा घरातून जातो, आणि ज्या कामगाराची आठवड्याची कमाई अशी गेली त्याला पुढच्या वेळी खरोखर छातीत दुखले तर तो येईलच असे नाही. मला सर्वांत जास्त भीती याची वाटते.

यामागे केवळ पैसा आहे असे म्हणून मोकळे होता येणार नाही. 'कट'चा व्यवहार आहे, तो सर्वांना माहीत आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली आणि डॉक्टर कागदोपत्री पुरावा जमवू लागले, हेही खरे. शिवाय सगळ्या टेस्ट करूनच टाका असे बजावणारे नातेवाईक असतात, आणि गर्दी असते. पंधरा माणसे रांगेत असताना बसून हकीकत ऐकण्यापेक्षा रक्त पाठवणे सोपे. ऑस्लरकडे रुग्णाला आठवडाभर खाटेवर ठेवून पाहण्याची चैन होती, ती आमच्याकडे नाही.

आणि ऑस्लरच्या भक्तांना एक गोष्ट सुनावलीच पाहिजे. १९१० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेजात त्याने हृदयविकाराच्या वेदनेवर गाजलेली व्याख्याने दिली. रुग्णांची त्याची वर्णने अजून वाचावीत अशी आहेत. पण त्या रुग्णांसाठी त्याला फारसे करता येण्यासारखे नव्हते, म्हणून निदान तासाने झाले काय आणि दिवसाने झाले काय, फरक पडत नव्हता. आज छातीत दुखणाऱ्या माणसाचा कार्डिओग्राम दहा मिनिटांच्या आत निघालाच पाहिजे, आणि अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूचा स्कॅन ताबडतोब. तिथे नाडीवर बोट ठेवून चिंतन करत बसणारा डॉक्टर रुग्णाचा घात करील. जुन्या पिढीचे काही लोक ऑस्लरचे नाव घेऊन यंत्रांना नाके मुरडतात, त्यांच्याशी माझे जमत नाही.

मग मार्ग काय? तो सापडला ऑस्लरच्याच आँटेरिओत. ऑटावाच्या कॅज्युअल्टीत काम करणारे डॉ. इयन स्टील यांना दिसले की घोटा मुरगळून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे निघतो आणि हाड मोडलेले निघते ते थोड्यांचेच. त्यांनी साडेसातशे रुग्णांत आधी हाताने तपासून खुणा नोंदवल्या आणि मग एक्स-रेशी त्या ताडून पाहिल्या. १९९२ साली त्यातून नियम निघाला. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटर, बोटाने दाबायची. तिथे दुखले, किंवा रुग्णाला मार लागल्या क्षणीही आणि कॅज्युअल्टीत आल्यावरही चार पावले टाकता आली नाहीत, तर घोट्याचा एक्स-रे. एरवी नको. पावलासाठी असेच वेगळे बिंदू आहेत. दारू प्यालेला किंवा पायाला बधिरपणा असलेला रुग्ण यातून वगळायचा. पुढे अनेक देशांत हा नियम तपासला गेला. मोडलेले हाड त्यातून क्वचितच निसटते आणि एक्स-रे ३० ते ४० टक्क्यांनी कमी होऊ शकतात असे दिसले. २००१ मध्ये स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याच्या किरकोळ माराला सीटी कधी करावा याचाही नियम दिला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅज्युअल्टी डॉक्टरांच्या संघटनेने टाळण्याजोग्या गोष्टींची यादी केली तेव्हा असल्या नियमात न बसणाऱ्या डोक्याच्या सीटीचा तिच्यात समावेश होता.

ऑस्लर शवागारात जे करत होता तेच हे, फक्त जिवंत माणसांवर आणि एकट्याच्या स्मरणशक्तीवर न विसंबता. आधी हाताने अंदाज लिहायचा, मग खरे काय ते पाहायचे, आणि किती वेळा चुकलो ते मोजायचे. अशी मोजणी झालेली असली की रात्री तीन वाजता एकट्या तरुण डॉक्टराला नको म्हणायला आधार मिळतो. आमच्याकडे मी एवढेच सुरू करू शकलो की दर शनिवारी आठवड्यात घरी पाठवलेल्यांपैकी काहींना फोन करायचा आणि त्यांचे काय झाले ते फळ्यावर लिहायचे. फळा भरायला कुणाला फारसे आवडत नाही.

ऑस्लरची पुढची वर्षे थोडक्यात सांगतो. १९०५ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. निरोपाच्या भाषणात साठीनंतरच्या माणसांच्या निरुपयोगीपणावर त्याने विनोद केला, वर्तमानपत्रांनी तो खराच धरला आणि अमेरिकाभर गहजब झाला. १९११ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. १९१४ मध्ये आशियाई लोकांनी कॅनडात येण्याविरुद्ध तो जाहीरपणे जे बोलला ते वर्णभेदाचेच होते. त्याच वर्षी 'कोमागाटा मारू' बोटीतल्या हिंदी प्रवाशांना व्हँकूव्हरच्या बंदरातून परत पाठवले गेले, हे लक्षात ठेवून ते वाचावे. त्याच्या शिकवण्याचा मी ऋणी आहे. हा भाग मात्र झाकून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

त्याचा एकुलता एक हयात मुलगा रिव्हीअर महायुद्धात तोफखान्यात होता. ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममध्ये ईप्रजवळ त्याला तोफगोळ्याचे तुकडे लागले. छावणी-रुग्णालयात योगायोगाने बापाचे मित्र असलेले अमेरिकन शल्यविशारद होते, त्यांत मेंदूवरील शस्त्रक्रियेचे जनक हार्वी कुशिंगही. उपयोग झाला नाही. ३० ऑगस्टला एकविसाव्या वर्षी तो गेला. कुशिंगने पुढे ऑस्लरचे जे दोन खंडांचे चरित्र लिहिले त्याला १९२६ चे पुलित्झर मिळाले.

१९१९ च्या शरदात इंग्लंडमध्ये रेल्वेचा संप होता. दूरच्या रुग्णाला पाहून सत्तरीचा ऑस्लर थंडीत मोटारीने परत आला आणि आजारी पडला. न्यूमोनिया झाला, मग छातीत पू झाला, शस्त्रक्रिया झाली. खाटेवर पडल्या पडल्या तो दोन महिने आपल्याच आजाराची प्रगती तपासत होता. शेवट काय होणार याचा त्याला अंदाज होता. आपले शवविच्छेदन मात्र आपल्याला बघायला मिळणार नाही, याची हळहळ त्याने बोलून दाखवली. २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑक्सफर्डच्या राहत्या घरी तो वारला. शवविच्छेदन झाले. रक्षा मॅकगिलला गेली, आणि त्याने जमवलेल्या सुमारे आठ हजार पुस्तकांच्या सोबतीने ती अजून तिथे आहे.